पहिला रकाना

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर झेरॉक्सची सहा दुकानं होती. सहाही दुकानांत प्रवेशाचे फॉर्म भरून मिळत आणि दरही सगळीकडे सारखाच. तरी शाळेचा शेवटचा निकाल लागला की पाच दुकानदार माश्या मारत बसायचे आणि सहाव्याच्या दारात पालकांची रीघ लागायची. सहावं दुकान कटऑफकाकांचं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे पडला होता. तो काढायचा तर कपाट हलवावं लागलं असतं, आणि नावावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

विद्यापीठ अवाढव्य. पदवीचेच चौऱ्याण्णव अभ्यासक्रम. माहितीपत्रक उघडून बसलेल्या बापाला दहाव्या पानावर घेरी यायची. काकांना मात्र चौऱ्याण्णवही तोंडपाठ. कुठे किती जागा, गेल्या वर्षी शेवटची जागा किती टक्क्यांवर गेली, त्याच्या आदल्या वर्षी किती. समोरच्या पोराने टक्के सांगितले की काका चष्मा कपाळावर चढवायचे, क्षणभर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "सूक्ष्मजीवशास्त्र विसरा. अर्थशास्त्र काठावर. सांख्यिकी घरचं समजा." वही उघडून ताडून पाहावं तर आकडा दशांशापर्यंत बरोबर निघायचा. अशा बावीस वर्षांच्या बावीस वह्या फळीवर ओळीने उभ्या होत्या.

आता एवढ्या जाणत्या माणसाने विद्यापीठाच्या वर्गात कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे ऐकून नवा माणूस चपापायचा. काका ते लपवत नसत. उलट तीच गोष्ट ते दर वर्षी शंभर वेळा सांगायचे, कारण त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या गोष्टीतून निघालं होतं.

अठराव्या वर्षी त्यांना इतिहास शिकायचा होता. फॉर्मवर पसंतीचे रकाने होते. त्यांनी पहिल्या रकान्यात इतिहास लिहिलं आणि दुसऱ्यात हिशेबशास्त्र. तेव्हाचा नियम असा, की एखाद्या अभ्यासक्रमाच्या जागा आधी तो पहिल्या रकान्यात लिहिणाऱ्यांना द्यायच्या. जागा उरल्याच तर मग दुसऱ्या रकान्यात लिहिणाऱ्यांकडे बघायचं. इतिहासाची यादी काकांच्या वर अर्ध्या टक्क्यावर बंद झाली. हिशेबशास्त्राला त्यांच्यापेक्षा अकरा टक्के कमी असलेली पोरं लागली, कारण त्यांनी ते पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. काका ना घरके ना घाटके. त्या वर्षी वेळ जाऊ नये म्हणून ते झेरॉक्सच्या यंत्रावर उभे राहिले ते उभेच राहिले. पुढच्या वर्षी फॉर्म भरू म्हणाले होते, पण पुढचं वर्ष हे असं एक वर्ष आहे की ते कुणाचंच येत नाही.

"म्हणून सांगतो," काका समोरच्या पोरांना सांगायचे, "पहिल्या रकान्यात पोट लिहायचं, मन दुसऱ्यात. मन दुसऱ्यात राहू शकतं. पोट नाही राहत."

पोरं तोंड वाकडं करायची, आईबाप माना डोलवायचे, आणि यादी लागली की काकांच्या हातचं एकही पोर बिनजागेचं राहिलेलं नसायचं. मनासारखं किती जणांना मिळालं, याची मात्र वही नव्हती.

दुकानात पूर्वी टायपिंग काकू करायच्या. त्यांची बोटं यंत्रापेक्षा जोरात चालायची असं काका कौतुकाने म्हणत. तीन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला आणि उजवा हात गेला. आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायच्या. एक एक बोट धरून वाकवायच्या, सोडायच्या, पुन्हा वाकवायच्या. काकांना ते बघवायचं नाही, ते दुकानात पळायचे. मुलगी मात्र शेजारी बसून सगळं बघायची. तिला घरात चिमी म्हणत. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. वर्षभराने बाई यायच्या थांबल्या आणि तो व्यायाम चिमी स्वतः करून घ्यायला लागली. काकूंचा अंगठा हलला तो चिमीच्या हातात हलला. त्या दिवशी तिने ठरवलं, आपल्याला हेच शिकायचं.

विद्यापीठात फिजिओथेरपीच्या जागा चाळीस. चिमीला टक्के मिळाले चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. काकांनी छताकडे बघितलंसुद्धा नाही.

"गेल्या वर्षी पंच्याऐंशी एकला बंद झालंय," ते म्हणाले. "तू पहिल्या रकान्यात ते लिहिलंस की संपलं. तेही जाणार आणि दुसरंही जाणार."

"बाबा, यंदा खाली येईल कदाचित."

"कदाचितच्या भरवशावर तुझ्या बापाने एकदा फॉर्म भरलाय."

पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं कार्यालय व्यवस्थापन. ते सत्तर टक्क्यांना सहज मिळायचं आणि तीन वर्षांनी कुठेतरी टेबलखुर्ची हमखास. फिजिओथेरपी दुसऱ्या रकान्यात गेली. चिमी भांडली नाही. दुकानात त्या वेळी बारा पालक बसलेले होते आणि ते सगळे काकांच्या तोंडाकडे देवाकडे बघावं तसे बघत होते. त्यांच्यासमोर बापाला खोटं कसं पाडायचं? तिने मान हलवली आणि यंत्रात कागद भरायला गेली.

त्याच दुपारी मेसमावशी आल्या. या बाई विद्यापीठाच्या वसतिगृहात भांडी घासायच्या. चारशे पोरांची ताटं दिवसातून दोनदा. हात कोपरापर्यंत पांढरेफटक सुरकुतलेले, आवाज मात्र खणखणीत. सोबत त्यांची मुलगी होती, चिमीच्याच वयाची, अंगाने काटकुळी, आणि टक्के ब्याण्णव पूर्णांक सहा. तिला गणित घ्यायचं होतं.

"गणित गेल्या वर्षी एक्क्याण्णव आठला गेलं," काका म्हणाले. "म्हणजे काठावर. आणि काठावरचा माणूस पाण्यातच पडतो."

"माझ्या शाळेतल्या सरांनी पहिलं गणितच लिही म्हटलंय," मुलगी म्हणाली.

"सरांचं काय जातंय? जागा गेली तर तुझी जाणार."

मावशींनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "काका सांगतात तसं करू या गं. आपल्याला काय कळतं त्यातलं."

कार्यालय व्यवस्थापन पहिलं, गणित दुसरं. मग फोन नंबरचा रकाना आला. मावशींकडे फोनच नव्हता. दोन फोन भांड्यांच्या हौदात बुडाले होते आणि तिसरा घ्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. "माझाच टाकतो," काका म्हणाले. त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. फोन नसलेल्यांच्या फॉर्मवर ते दर वर्षी स्वतःचा नंबर टाकत आले होते. सहा आकड्यांचा ओटीपी आपल्याच फोनवर येतो, काम पटकन उरकतं. चिमीच्या फॉर्मवरही त्यांचाच होता. त्या हंगामात काकांनी भरलेल्या त्रेसष्ट फॉर्मांपैकी उरलेल्या एकसष्टांवर ज्याचे त्याचे नंबर होते.

आता काकूंचं ऐका. उजवा हात गेल्यावरही काकू दुकानात यायच्या. मागच्या बाजूला बसून झेरॉक्समध्ये खराब निघालेले कागद डाव्या हाताने सारखे करायच्या आणि कोऱ्या बाजूच्या वह्या बांधायच्या. कागद हातात आला की वाचायचा, ही टायपिंगच्या काळातली खोड. दुरुस्तीच्या दिवशी, म्हणजे फॉर्ममध्ये काही बदल करायचा तर विद्यापीठ देतं त्या एकुलत्या एका दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला त्या अशाच एका कागदावर अडल्या.

"अहो, हे यंदाचंच आहे ना?"

"काय ते?"

"माहितीपत्रकाचं सतरावं पान."

काका आले, त्यांनी पान हातात घेतलं. उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. यंदापासून रकान्याला वजन नव्हतं. चौऱ्याण्णव अभ्यासक्रमांना नुसते टक्के बघितले जाणार होते. यादीत वरून पहिली जी जागा मिळण्याजोगी असेल ती मुलाला मिळणार आणि ती मिळताक्षणी खालच्या सगळ्या पसंती रद्द होणार. म्हणजे ज्याला जे हवं ते त्याने बेधडक सर्वांत वर लिहावं, न मिळालं तर नुकसान काही नाही. आणि ज्याने खात्रीचं वर लिहिलं, त्याला खात्रीने तेच मिळणार, पुढे काही नाही.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकेचाळीस पानांचं ते माहितीपत्रक त्यांनी त्या हंगामात तीनशे चाळीस वेळा छापून दिलं होतं. सतरावं पान तीनशे चाळीस वेळा त्यांच्या हाताखालून गेलं होतं. वाचलं एकदाही नाही, कारण बावीस वर्षं त्या पानावर तेच लिहिलेलं असायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल लोकांचे होते.

पण माणूस पळपुटा नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांनी वही उघडली आणि एक एक नंबर फिरवायला घेतला. काकू डाव्या हाताने फोन धरून बसल्या, चिमी तिसऱ्या फोनवर. "माझी चूक झाली," काका प्रत्येकाला सांगत होते. "आत्ता एक नंबर येईल, तो वाचून दाखवा, मी क्रम बदलतो." कुणी घाबरलं, कुणी चिडलं, एका बापाने तर काकांच्या सात पिढ्या काढल्या. काकांनी त्या ऐकून घेतल्या आणि त्याच्याकडूनही ओटीपी घेतला. दोन वाजेपर्यंत एकसष्टही फॉर्म सरळ झाले होते. पाठ मोडून आली होती. उरले दोन.

"अहो, अठरावं पान पण बघा," काकू हळूच म्हणाल्या.

अठराव्या पानावर एक ओळ होती. एका मोबाइल क्रमांकावरून एकच दुरुस्ती करता येईल.

काका उठले आणि थेट विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात गेले. खिडकीपुढे रांग होती. तासाभराने त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, फॉर्मवरचा फोन नंबर बदलायला अर्ज द्यावा लागतो आणि त्याला सात दिवस लागतात. दुरुस्ती पाच वाजता बंद होणार होती. काका माघारी फिरले. त्या इमारतीत आणखी पन्नास दारं होती, पण दुसऱ्या कुठल्या दारात विचारावं हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. बावीस वर्षं लोक त्यांनाच विचारत आले होते आणि स्वतः कुणाला विचारायची त्यांची सवय पार मोडली होती.

येताना ते वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी थांबले. मेसमावशी हौदावर वाकून कढया घासत होत्या. काकांना बघून त्या तशाच ओल्या हाताने बाहेर आल्या.

"काका, तुम्ही इकडे? पोरीचं काही राहिलं का?"

सांगायचं म्हणून तर ते आले होते. मावशींना सांगायचं, मुलीला बोलवायचं, काय करायचं ते तिघांनी मिळून ठरवायचं. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण मावशींच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नव्हता आणि तो तसा चेहरा बघितल्यावर काकांनी ती वाक्यं तशीच गिळली.

"नाही, नाही. सहज आलो होतो. सगळं ठीक आहे."

"तुम्ही आहात म्हटल्यावर ठीकच असणार," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कढईकडे वळल्या.

दुकानात आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चिमी पुढे गिऱ्हाइकांना झेरॉक्स काढून देत होती. मागे काकू होत्या. काकांनी कारकुनाचं उत्तर सांगितलं.

"मग दोघींना बोलवा," काकू म्हणाल्या. "दोघींसमोर सांगा काय झालंय ते."

"सांगून काय होणार आहे? व्हायचं एकीचंच."

"पण चोरून तरी होणार नाही."

काका संगणकापुढे जाऊन बसले. चिमीचा फॉर्म उघडला, फिजिओथेरपी उचलून पहिल्या रकान्यात ठेवली. खिशातला फोन वाजला. त्यावरचे सहा आकडे त्यांनी बघून टाकले आणि बटण दाबलं. बापाने पोटच्या पोरीचं आधी बघितलं, यात नवल ते काय? आपला तो बाब्या, ही म्हण काही काकांनी शोधून काढलेली नाही. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं आणि आपल्यालाही कुणी फाशी दिलं नसतं. काकू बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही, शाबासही म्हटलं नाही. हातातल्या कागदांची चवड त्यांनी उगाच दोनदा सारखी केली.

गोष्ट इथेच थांबली असती तर एक वेळ बरं झालं असतं. पण थोड्या वेळाने मेसमावशींची मुलगी धापा टाकत दुकानात शिरली. ग्रंथालयाच्या फलकावर नव्या नियमाचा कागद लागला होता, तो वाचून ती तडक पळत आली होती.

"काका, माझं गणित वर घ्यायचंय. आज शेवटचा दिवस आहे."

पुढे चार गिऱ्हाइकं होती. चिमी होती. मागून काकू बघत होत्या. काकांनी आज एकसष्ट जणांपुढे चूक कबूल केली होती, सात पिढ्यांचा उद्धार ऐकला होता. बासष्टाव्या वेळी ते त्यांच्याच्याने होईना.

"झालं," ते म्हणाले. "घेतलंय वर."

"खरंच? पावती?"

"गर्दी ओसरली की देतो. जा तू."

"बघ, बाबांनी आधीच केलंय," चिमी तिला आनंदाने म्हणाली. ती तिला सोडायला दारापर्यंत गेली. पायरीवर दोघी मिनिटभर काहीतरी बोलल्या, मग ती मुलगी सावकाश निघून गेली. काकूंनी मागून काकांकडे बघितलं. काकांनी बघायचं टाळलं आणि टोनरचा डबा उघडून त्यात डोकं घातलं.

दहा दिवसांनी यादी लागली. चिमीला फिजिओथेरपी मिळाली, चाळिसांत छत्तिसावी. एकसष्ट जणांपैकी पन्नासाहून अधिक जणांना मनासारखं मिळालं होतं. ज्या बापाने सात पिढ्या काढल्या होत्या तो हार घेऊन आला. काकांनी तो हार गळ्यात घालून घेतला नाही, यंत्रावर ठेवला. गणिताची यादी ते गुपचूप बघून आले होते. शेवटची जागा अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर गेली होती. ब्याण्णव सहावाली मुलगी त्या यादीत चौथी-पाचवी असती. तिचं नाव कार्यालय व्यवस्थापनाच्या यादीत सगळ्यांत वर होतं.

दुसऱ्या दिवशी मेसमावशी आल्या. "काका, तुम्ही सांगितलं तसंच झालं बघा. पहिलीच पसंती लागली," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात कुणी ऑफिसात बसलेलं नाही अजून."  त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा काका मागे सरले आणि यंत्राला धडकले. मुलगी का नाही आली, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. मावशींनी आपणहूनच सांगितलं, की ती हल्ली फार बोलत नाही, अभ्यासाचं टेन्शन असेल.

काका त्यानंतर सुकत गेले. जेवण तुटलं. गिऱ्हाईक टक्के सांगायचं आणि हे छताकडे न बघता वही पुढे सरकवायचे, "तुम्हीच बघा." रोज ते स्वतःला समजावायचे की दुसरा मार्गच नव्हता. एक नंबर, एक दुरुस्ती, दोन मुली. कुणालाही विचारा, यात माझा इलाज काय होता? हा हिशोब दर वेळी बरोबर यायचा, म्हणून तर ते तो पुन्हा पुन्हा मांडायचे.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले. चिमी दुपारच्या सुट्टीत डबा खायला दुकानात यायची. ती मागे काकूंजवळ बसली होती तेव्हा मेसमावशींची मुलगी आली. अंगावर नीट इस्त्रीचे कपडे, हातात एक साधा जुना फोन.

"काका, फॉर्मवरचा नंबर बदलायचाय. आता माझा फोन आलाय."

"बस ना," काका म्हणाले. ती बसली नाही. त्यांनी अर्ज उघडला, तिचा नवा नंबर टाकला, स्वतःच्या फोनवर आलेला ओटीपी भरला. दोन मिनिटांचं काम. सात दिवसांनी बदल होईल, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "साइटवर दुरुस्तीची वेळ दिसते. तुमच्या नंबरवरून तीन बावन्नला दुरुस्ती झाली. मी इथे चार अठराला आले होते."

काकांनी चष्मा काढला. "एका नंबरवर एकच होत होती. माझ्या मुलीचं..."

"ते मला त्याच संध्याकाळी ग्रंथालयातल्या संगणकावर कळलं. त्याचं काही नाही. माझ्या आईनेही आधी माझंच केलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. एखादं उदाहरण पायरीपायरीने सोडवावं तशी ती बोलत होती. "पण तुम्ही मला झालं असं का सांगितलंत? गणित विभागात बाई पाचपर्यंत बसल्या होत्या. ज्यांच्या फॉर्मवर दुसऱ्यांचे नंबर होते, त्यांचे अर्ज त्या हाताने लिहून घेत होत्या. दारावर कागद लावला होता. अकरा जणांचं तसं झालं."

"मला माहीत नव्हतं," काका म्हणाले. "खरंच माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं. पण नाही झालं म्हणाला असतात तर मी विचारत फिरले असते. बेचाळीस मिनिटं होती हातात. विभाग इथून सात मिनिटांवर आहे."

काका उभे राहिले. "पुढच्या वर्षी बदलून घेता येईल. मी स्वतः येतो तुझ्याबरोबर, मी त्यांच्या पाया पडेन."

"पहिली पसंती मिळालेल्याला बदल मिळत नाही," ती म्हणाली. "पान एकोणीस."

तिने फोन पिशवीत ठेवला. "आईला मी काही सांगितलेलं नाही. ती तुम्हाला फार मानते. तुम्हीही सांगू नका," एवढं म्हणून ती गेली. तिचा कार्यालयीन पत्रव्यवहाराचा तास होता.

मागे डब्याचं झाकण तसंच उघडं होतं. चिमी उठून पुढे आली. काकूंनी तिला हाक मारली, ती तिने ऐकली नाही.

"बाबा, तिचं झालंच नव्हतं?"

काका बसले. म्हणाले, "तुझं झालं ना."

"आईला माहीत होतं?"

काकूंनी मान खाली घातली. चिमी दोघांकडे बघत राहिली. ती रडली असती, ओरडली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. ती फक्त पांढरी पडली होती.

"त्या दिवशी पायरीवर ती मला म्हणाली, विभागात जाऊन एकदा खात्री करून येते, अजून वेळ आहे," ती म्हणाली. "मी तिचा हात धरला. म्हटलं, कशाला उन्हाची पळतेस? बाबांनी केलंय म्हणजे झालंच. ती निघालीच होती, बाबा. मी तिला थांबवलं."